पृथ्वीच्या पणत्या

भाचीच्या भूगोलाच्या पुस्तकात हिमालयाच्या धड्यात टेथिस समुद्राचे नाव येते. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला, मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ दुमडला आणि त्यातून हिमालय उभा राहिला, एवढे म्हणून झाल्यावर तिने पुस्तक मिटले आणि विचारले, "मावशी, टेथिस हे कुणाचं नाव आहे?" मला तो प्रश्न फार आवडला. ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ट स्यूस यांनी १८९३ मध्ये त्या नाहीशा झालेल्या समुद्राला ग्रीकांच्या एका जुन्या देवतेचे नाव दिले, हे मी तिला सांगितले आणि देवघरातला शाळिग्राम तिच्या हातावर ठेवला. गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या त्या काळ्या, गुळगुळीत दगडाच्या पोटात जी चक्राकार खूण असते, ती त्याच समुद्रात राहणाऱ्या अमोनाइट नावाच्या शंखधारी जीवाची असते. ती बराच वेळ त्या खुणेवरून बोट फिरवत राहिली. मग टेथिस कुणाची मुलगी आणि कुणाची बायको, हे दाखवण्यासाठी मी कागदावर वंशावळ काढू लागले. सर्वांत वर गाइया, म्हणजे पृथ्वी. शेजारी उरानोस, म्हणजे आकाश. त्यांच्याखाली बारा टायटन, त्यांत ओकेआनोस आणि त्याची बहीण व पत्नी टेथिस. "आणि उरानोसचे आईवडील?" मी सांगितले की त्याला वडील नाहीत. गाइयाने त्याला एकटीने जन्म दिला आणि पुढे तोच तिचा पती झाला. झालेल्या मुलांना तो उजेडात येऊ देईना, पुन्हा तिच्याच पोटात कोंडून ठेवू लागला, तेव्हा तिने धाकट्या मुलाच्या, क्रोनोसच्या हाती विळा दिला. यापुढचे मी बेतानेच सांगत होते. पण भाची मागेच अडकली होती. "तो तिचा मुलगाच होता ना? मग ती त्याला रागावली का नाही?"

तिचे समाधान होईल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि तो प्रश्न माझ्या मनातून हलेना.

ही वंशावळ आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः हेसिओडच्या 'थिओगनी' या हजाराच्या आसपास ओळींच्या काव्यामुळे. इसवी सनपूर्व ७०० च्या सुमाराचा हा कवी बिओशिया प्रांतात, हेलिकॉन पर्वताच्या पायथ्याशी अस्क्रा नावाच्या गावात राहत होता. त्याचे वडील समुद्रापलीकडच्या किमी गावाहून गरिबीला कंटाळून जहाजाने इकडे आले. अस्क्राबद्दल त्याने लिहून ठेवले आहे की हे गाव हिवाळ्यात वाईट, उन्हाळ्यात कष्टाचे आणि कधीच बरे नसते. मेंढ्या चारत असताना हेलिकॉनवर कलादेवींनी आपल्याला गाणे शिकवले, असे तो सांगतो. त्याच्याच दुसऱ्या काव्यात आणखी एक गोष्ट कळते. वडिलांच्या मागे जमिनीची वाटणी झाली, तेव्हा पेर्सेस नावाच्या भावाने लाच खाणाऱ्या सरदारांना हाताशी धरून जास्तीचा वाटा उचलला होता. ज्याच्या उंबऱ्याच्या आत भाऊबंदकी होती, अशा माणसाने देवांचे घराणे मांडले आहे, हे मी ते काव्य वाचताना कधी विसरू शकत नाही. कोण कुणाच्या पोटी जन्मला, कुणाला कुठला मान मिळाला, कुणाचा हक्क कुणी हिरावला, याची इतकी काळजीपूर्वक नोंद उगाच कुणी ठेवत नाही.

कागदावर ही वंशावळ काढायला बसले की पहिली अडचण येते ती अशी, की ती एका मुळापासून सुरू होत नाही. आधी केऑस झाले, म्हणजे एक अथांग पोकळी. मग गाइया, मग पाताळातला टार्टारस, मग इरॉस, म्हणजे प्रेम. गाइया केऑसची मुलगी आहे असे हेसिओड म्हणत नाही. ती फक्त नंतर होते. केऑसपासून काळोख आणि रात्र, म्हणजे एरेबस आणि निक्स झाले, आणि त्या दोघांपासून वरचे लख्ख आकाश आणि दिवस. पुढे निक्सने पतीवाचून जी मुले जन्माला घातली त्यांची नावे वाचताना अंगावर काटा येतो: मृत्यू, झोप, स्वप्नांचा मेळा, दोषारोप, व्यथा, फसवणूक, वार्धक्य, कलह. कलहाच्या पोटी पुन्हा भूक, विस्मरण, लढाया, खोटी भाषणे. केऑसचे हे सगळे घराणे आणि गाइयाचे घराणे यांच्यात 'थिओगनी'मध्ये एकही सोयरीक जुळत नाही. वार्धक्य आणि कलह डोंगर-समुद्रांच्या रक्तातून आलेले नाहीत, ते रात्रीकडून आलेले आहेत, हे हेसिओडने कुठेही समजावून सांगितलेले नाही. ते वंशावळीच्या रेघांतच सांगितले गेले आहे. टार्टारसजवळ रात्र आणि दिवस या मायलेकींचे घर आहे. पितळी उंबरठ्यावर त्या एकमेकींना भेटतात, बोलतात. एक आत जाते तेव्हा दुसरी बाहेर पडते, आणि दोघी एकाच वेळी घरात कधीच नसतात.

गाइयाने एकटीने तिघांना जन्म दिला: उरानोस, पर्वत आणि पोन्टोस हा समुद्र. उरानोसपासून तिला बारा टायटन झाले, नंतर एकेका डोळ्याचे तीन सायक्लोप्स आणि शंभर हातांचे तिघे: कोट्टोस, ब्रिआरिओस, गिगेस. या शेवटच्यांची बापाला पहिल्या दिवसापासून शिसारी होती. आता इथे हेसिओडची ओळ लक्ष देऊन वाचावी. गाइया आतून दाटल्यामुळे कण्हत होती, असे तो लिहितो. कोंडलेली मुले तिच्या अंगात आहेत. ती ओझ्याने कण्हते आहे आणि उरानोस मात्र आपल्या कृत्यावर खूश आहे. मग ती राखाडी रंगाचे अभेद्य पोलाद घडवते, त्याचा करवती दातांचा मोठा विळा करते आणि मुलांशी बोलते. तिचे बोलणे मोजके आहे. माझ्या आणि एका उद्दाम बापाच्या लेकरांनो, माझे ऐकाल तर त्याच्या दुष्टपणाचा बदला घेता येईल, कारण लाजिरवाण्या गोष्टींची सुरुवात त्यानेच केली. सगळ्यांना भीतीने घेरले, कुणी तोंड उघडले नाही. एकट्या क्रोनोसने होकार दिला. ती त्याला दडवून बसवते. उरानोस रात्र सोबत घेऊन येतो, तिच्यावर पसरतो, आणि दडलेल्या जागेतून क्रोनोसचा डावा हात पुढे येतो, उजव्या हातात विळा असतो.

या साऱ्या प्रसंगात गाइया उरानोसशी एक शब्दही बोलत नाही.

भाचीच्या प्रश्नानंतर मी हा भाग पुन्हा वाचला तेव्हा हे पहिल्यांदा नजरेत भरले. ती कण्हते, घडवते, मुलांना सांगते, दडवते. पण ज्याला तिने जन्म दिला त्याला ती ना बजावते, ना विनवते. आई म्हणून त्याला थांबवण्याचा अधिकार तिला होता, आणि तो तिने वापरला नाही किंवा वापरता आला नाही. मला असे वाटते की उरानोसला जन्म देताना तिने त्याला आपल्याएवढाच केला, आपल्याला सर्व बाजूंनी झाकता यावे इतका, असे जे हेसिओड सांगतो, त्यातच या मुकेपणाचे कारण आहे. ज्याला आपल्याएवढे मोठे करून आपल्यावर पांघरून घेतले, त्याच्यापुढे आईपण उरले नाही. हे माझे मत आहे आणि ते सगळ्यांना पटेल असे नाही. पण पुढे काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. उरानोसच्या जखमेतून उडालेला रक्ताचा प्रत्येक थेंब गाइयाने झेलला, आणि वर्षे लोटल्यावर तिने त्यापासून एरिनीज, चिलखतातले जायंट्स आणि ॲश वृक्षांच्या अप्सरा यांना जन्म दिला. एरिनीज म्हणजे आप्तांच्या रक्ताचा जाब विचारणाऱ्या देवता. बापलेकांमधल्या पहिल्याच गुन्ह्याच्या रक्तातून त्या गुन्ह्याचा पाठलाग करणाऱ्या जन्मल्या, आणि त्यांना पोटात वाढवले ते कट रचणाऱ्या आईनेच. विळ्याने तुटून समुद्रात पडलेल्या उरानोसच्या पौरुषाभोवती फेस जमला, त्यातून ॲफ्रोडाइटी ही प्रेमाची देवता आली. ती आधी किथेराजवळून गेली आणि सायप्रसच्या किनाऱ्याला लागली. होमर मात्र तिला पुढे देवांचा राजा झालेला झ्यूस आणि डिओनी यांची मुलगी म्हणतो. इतक्या जुन्या घराण्यात असे मतभेद राहणारच.

क्रोनोस राजा झाला आणि त्यानेही आपली मुले कोंडली, या वेळी स्वतःच्या पोटात. हेस्टिया, डेमिटर, हेरा, हेडीस, पोसायडन, एकापाठोपाठ एक. तुझा मुलगाच तुला हरवील, असे त्याला गाइया आणि उरानोस यांनीच सांगितलेले होते. पुढच्या मुलाच्या, झ्यूसच्या वेळी दिवस भरत आले तेव्हा क्रोनोसची बहीण व पत्नी ऱ्हिया हिने आपल्या आईवडिलांकडे धाव घेतली. हे वाक्य मी कितीदा वाचले तरी थबकते: आईवडिलांकडे, म्हणजे गाइया आणि उरानोस दोघांकडे. विळ्याचा तो प्रसंग होऊन गेल्यावरही ते दोघे लेकीच्या बाळंतपणाच्या चिंतेने एकत्र बसले आहेत आणि मिळून सल्ला देत आहेत. त्यांचे काय बोलणे झाले असेल, समेट झाला की नाही, याबद्दल हेसिओड काही सांगत नाही. आणि ज्यांनी आपल्या घरांतली जुनी वैरे नातवंडांच्या पायगुणाने निवळताना पाहिली आहेत, त्यांना ते सांगावेही लागत नाही. ऱ्हिया क्रीटमधल्या लिक्टोसला गेली, बाळ गाइयाने गुहेत आपल्याकडे ठेवून घेतले आणि दुपट्यात गुंडाळलेला मोठा दगड क्रोनोसच्या हाती गेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इसवी सनपूर्व पाचव्या शतकातले एक लाल आकृत्यांचे भांडे आहे, त्यावर हा प्रसंग चितारलेला आहे. ऱ्हिया ते गाठोडे पुढे करते आहे आणि क्रोनोस समोर उभा आहे. पुढे क्रोनोसला सगळे ओकावे लागले तेव्हा सर्वांत आधी तो दगड बाहेर आला, आणि झ्यूसने तो पार्नासस पर्वताखाली डेल्फीला रोवला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाच्या प्रवाशाने तो तिथे पाहिला. दगड फार मोठा नव्हता. त्यावर रोज ऑलिव्हचे तेल ओतत आणि सणाला न कातलेली लोकर ठेवत. दगडावर रोज तेल घालण्याचे आपल्याला नवल वाटू नये, पण बापाला फसवणाऱ्या वस्तूला इतक्या मायेने सांभाळले जाते याचे मला वाटते.

ही कथा हेसिओडने मनाने रचलेली नाही. तुर्कस्तानातल्या बोआझकोय इथे १९०६ पासून हित्ती लोकांच्या राजधानीचे, हत्तुशाचे उत्खनन सुरू झाले आणि त्यात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर कुमार्बी या देवाची कथा मिळाली. कुमार्बी आकाशदेव अनूचे पौरुष दातांनी तोडतो आणि गिळतो, आणि त्यातूनच त्याच्या पोटात त्याला हटवणारा वादळाचा देव वाढू लागतो. त्याच कथाचक्रात आकाश आणि पृथ्वी ज्याने कापून वेगळे केले, त्या जुन्या हत्याराचाही उल्लेख आहे. त्या पाट्या हेसिओडच्या कित्येक शतके आधीच्या आहेत.

टायटनांशी झ्यूसचे युद्ध दहा वर्षे चालले, एका बाजूला ओथ्रिस पर्वत आणि दुसऱ्या बाजूला ऑलिम्पस. शेवटी गाइयाच्याच सांगण्यावरून झ्यूसने शंभर हातांच्या तिघांना बाहेर काढले आणि त्यांच्या जोरावर जिंकला. पण जुन्या घराण्यातले सगळेच त्यात उतरले नव्हते. ओकेआनोस आणि टेथिस बाजूला राहिले. होमरच्या 'इलियड'मध्ये हेरा सांगते की त्या धामधुमीत ऱ्हियाने तिला या दोघांकडे पाठवले आणि त्यांनीच तिला वाढवले. त्याच प्रसंगात ती म्हणते की या म्हाताऱ्या जोडप्यात बऱ्याच काळापासून अबोला आहे आणि तो मिटवायला आपण निघालो आहोत. झ्यूसला भुलवण्यासाठी तिने ही थाप मारलेली असते, पण थाप खरी वाटते, कारण अशी जोडपी आपल्याला माहीत असतात. त्यांच्या तीन हजार मुली आणि तितकेच नदीपुत्र असल्याचे सांगून हेसिओड म्हणतो की सगळ्यांची नावे घेणे मर्त्य माणसाला अवघड आहे, पण जो ज्या नदीकाठी राहतो त्याला तिचे नाव ठाऊक असते. संपूर्ण 'थिओगनी'त मला सर्वांत प्रिय असलेली ओळ हीच. त्या मुलींतली सर्वांत मानाची स्टिक्स. बापाच्या सल्ल्याने ती आपल्या मुलांना घेऊन सर्वांच्या आधी झ्यूसच्या पक्षाला मिळाली, आणि म्हणून देवांची शपथ तिच्या पाण्यावर घेतली जाते. ती मोडणारा देव वर्षभर श्वासावाचून पडून राहतो आणि पुढची नऊ वर्षे इतर देवांच्या पंगतीला बसू शकत नाही.

विजयानंतर वाटणी झाली. 'इलियड'मध्ये पोसायडन सांगतो की तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश, त्याला समुद्र, हेडीसला अंधार, आणि पृथ्वी मात्र सर्वांची सामाईक राहिली. पण सामाईक राहिलेल्या पृथ्वीच्या पोटात, तिथून कांस्याची ऐरण सोडली तर नऊ दिवस आणि नऊ रात्री पडत राहून दहाव्या दिवशी तळाला टेकेल इतक्या खोल, आता टायटन कोंडलेले होते. म्हणजे तिच्या दुखण्यात फरक पडला नव्हता, कोंडणारा तेवढा बदलला होता. तेव्हा गाइयाने टार्टारसपासून आपले शेवटचे अपत्य, टायफॉन, जन्माला घातले. त्याच्या शंभर सर्पमुखांतून कधी बैलाचे डुरकणे, कधी सिंहाची गर्जना, कधी कुत्र्याच्या पिल्लांचा आवाज येई. झ्यूसच्या विजांनी तो पेटला, आणि त्या आगीने स्वतः पृथ्वीच मुशीतल्या कथिलासारखी वितळली. एवढे होऊनही देवांनी झ्यूसला राजा करावे हा सल्ला गाइयाचाच, आणि तुझी पत्नी मेटिस हिच्या पोटी जन्मणारा मुलगा तुला हटवील, तेव्हा तिलाच गिळून टाक, हे सुचवणारेही गाइया आणि उरानोसच. यातले काय तिच्या मनापासूनचे होते? मला बरेच दिवस वाटत होते की गाइया नेहमी कोंडलेल्या लेकराची बाजू घेते, आणि एवढ्या एका गोष्टीने तिची सगळी वागणूक उलगडते. मेटिसपाशी ते सूत्र तुटते. मेटिस टेथिसची मुलगी, म्हणजे गाइयाची नात, आणि तिला पतीच्या पोटात कायमचे कोंडायला आजीनेच सांगितले. घराणे एकदाचे शांत व्हावे म्हणून थकलेली वडीलधारी बाई एका नातीचा बळी देते, असे मी यातून समजले आहे, आणि तसे समजल्यावर तिच्याबद्दलचे माझे प्रेम कमी झाले नाही, पण त्यात भीती मिसळली.

ती भीती बर्लिनच्या पर्गामॉन वेदीची छायाचित्रे पाहताना पुन्हा जाणवते. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातल्या त्या वेदीभोवती सुमारे ११३ मीटर लांबीचा शिल्पपट्ट आहे आणि त्यावर देव आणि जायंट्स यांचे युद्ध कोरलेले आहे. जुने घराणे इथे देवांच्या बाजूने लढताना दिसते. टेथिस आहे, ओकेआनोस आहे, फिबी आणि तिची लेक अस्टेरिया शेजारी शेजारी आहेत. पूर्वेच्या बाजूला झ्यूसची लेक अथेना हिने एका पंख असलेल्या तरुण जायंटचे केस धरून त्याचे डोके मागे ओढले आहे, तिचा साप त्याच्या छातीला डसला आहे, आणि खाली जमिनीतून कमरेपर्यंत वर आलेली गाइया त्याच्यासाठी हात उचलून विनवते आहे. उजवीकडून नाइकी, म्हणजे विजय, अथेनाला मुकुट घालायला उडत येते आहे. मी वंशावळीच्या कागदावर बोट ठेवून ही माणसे शोधली. नाइकी स्टिक्सची मुलगी, स्टिक्स टेथिसची, टेथिस गाइयाची. अथेना मेटिसची मुलगी, मेटिस टेथिसची. म्हणजे मारणारी आणि मुकुट घालणारी, दोघीही गाइयाच्या पणत्या आहेत. मुलाच्या प्राणांसाठी ती आपल्याच पणतीला विनवते आहे. उरानोसपुढे जी बोलली नाही ती इथे बोलते आहे, आणि कुणी ऐकत नाही.

मी कागद भाचीला दाखवला तेव्हा या दोघींच्या नावांखाली रेघ मारून दिली. तिने विचारले की या घरात भांडणावाचून कधी काही कुणाला मिळाले का. मिळाले. इसवी सनपूर्व ४५८ मध्ये अथेन्सला एस्किलसचे 'युमेनिडीस' हे नाटक झाले. त्याच्या सुरुवातीला डेल्फीची पुजारीण प्रार्थना करताना देवस्थानाचा वारसा सांगते. पहिली भविष्य सांगणारी गाइया. तिच्यानंतर तिची लेक थेमिस आईच्या आसनावर बसली. तिच्यानंतर, थेमिसच्या राजीखुशीने, कुणावरही जबरदस्ती न होता, दुसरी टायटन लेक फिबी बसली, आणि फिबीने ते आसन आपला नातू अपोलो याला वाढदिवसाची भेट म्हणून दिले. ज्या डेल्फीत क्रोनोसला फसवणारा दगड होता, त्याच डेल्फीची ही हकिगत. पुढे युरिपिडीसने मात्र एका नाटकात वेगळे सांगितले: अपोलोने थेमिसला तिथून हटवले, तेव्हा लेकीच्या अपमानाने संतापलेल्या गाइयाने लोकांना रात्री भविष्य सांगणारी स्वप्ने पाठवायला सुरुवात केली, आणि अपोलोची देवळे ओस पडू लागली, मग तान्हा अपोलो ऑलिम्पसला पळाला, झ्यूसच्या सिंहासनाला बिलगला, आणि झ्यूसने हसून ती स्वप्ने बंद करवली. गाइयाला आजवर जितके ओळखले त्यावरून ही दुसरी हकिगत तिच्या स्वभावाला जास्त धरून आहे. तरीही भाचीला मी पहिलीच सांगितली. एस्किलसच्या श्रोत्यांनाही ओढून घेतलेल्या गादीची कथा माहीत असणारच, आणि ती माहीत असताना त्याने पुजारिणीच्या तोंडी मुद्दाम राजीखुशीचा शब्द घातला. त्याला असे का करावेसे वाटले असेल ते मला कळते, कारण मलाही तेच करावेसे वाटले.